उसना एवाझियो

एवाझियोने पाटाच्या मोठ्या दारावरचं घर मागितलं आणि पाणीसंस्थेने ते लगेच देऊनही टाकलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. सान मार्तीनोच्या दिवशी, नोव्हेंबरात, आमच्या भातपट्ट्यात बिऱ्हाडं हलतात. त्या दिवशी माझा मुलगा आपली खाट, रेडिओ आणि दोन ट्रंका घेऊन तिकडे जाणार. चाळिशीतला मुलगा आईच्या स्वयंपाकघरातून एकदाचा बाहेर पडतोय तर मी खरं म्हणजे खूश व्हायला हवं. शेजारची पिएरिना म्हणालीच, "चला, तुझी धुणी तरी कमी झाली." पण ते घर काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

मोठ्या कालव्यातून आमचा पाट जिथे फुटतो तिथे, पाण्याला अगदी लागून ते उभं आहे. खाली पाणी सोडायची लोखंडी दारं, वर दोन खोल्या, मागे पॉपलरची रांग, आणि सगळा हिवाळा धुकं. माझ्या लहानपणी तिथे एकामागून एक तीन पाटकरी, म्हणजे एवाझियोसारखे पाण्याची दारं सांभाळणारे, राहिले, तिघेही एकटे. राहायला गेले तेव्हा तिघेही चांगले बोलते-चालते होते. पहिल्या हिवाळ्यात ते रविवारी चर्चला आले, दुसऱ्या हिवाळ्यात फक्त नाताळला, आणि पुढे पाववाला त्यांचा पाव पुलाच्या कठड्यावर ठेवून परत फिरू लागला. शेवटचा ओरेस्ते तर खिडकी न उघडता काचेआडूनच बोलायचा.

"तिथे कशाला रे?" मी एवाझियोला विचारलं.

"दार जवळ पडेल, आई. रात्री-बेरात्री सायकल हाकायला नको."

"आणि अठरा वर्षं हाकलीस ती?"

"तेव्हा गुडघे बरे होते."

त्याच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. याच जुलैत मांतोव्हात तो त्याच गुडघ्यांवर मध्यरात्रीपर्यंत नाचला. हे मला त्याने सांगितलं नाही, इव्हानाने सांगितलं. ते पुढे येईलच.

एवाझियोचा जन्म सत्तावन्न सालच्या डिसेंबरातला, तीस तारखेच्या संध्याकाळचा, याच घरातला. मी तापाने फणफणले होते. बाहेरच्या खोलीत त्याचे वडील सेकोन्दो आणि सुईण यांनी दोन घोट घेता घेता ठरवलं की नोंद दोन जानेवारीची करायची. तेव्हा सगळे तसंच करत. कागदावर मुलगा एका सालाने लहान झाला की सैन्याचं बोलावणं वर्षभर लांबतं आणि घराला कामाच्या हातांचा एक उन्हाळा जास्त मिळतो. त्या काळात डिसेंबराच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गावात जणू कुणी जन्मतच नसे.

पण माणूस कुठल्या साली जन्मला यावर आमच्याकडे त्याचं अर्धं आयुष्य ठरतं. एका सालची मुलं-मुली म्हणजे एक टोळी. अठराव्या वर्षी आपल्या सालचा आकडा छापलेला रुमाल गळ्यात बांधून गावभर मिरवायचं, नाच ठेवायचा. मग जन्मभर दर हिवाळ्यात एकत्र जेवायचं आणि टोळीतला कुणी गेला तर त्याची शवपेटी बाकीच्यांनी खांद्यावर घ्यायची. सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण सालवाल्यांचं जेवण चुकवणार नाहीत. एवाझियो कागदावर अठ्ठावन्नचा. सुईणीच्या तोंडाला कुलूप नव्हतं, त्यामुळे तो खरा सत्तावन्नचा हेही गावाला ठाऊक. सत्तावन्नवाले म्हणत, "तू आमचा, पण रुमाल त्यांचा बांधतोस." अठ्ठावन्नवाले म्हणत, "तू उसना."

हे नाव पाडलं ग्वाल्तिएरोने, आणि तेही माझ्या वर्गात. गावच्या शाळेत लहान मुलांना मीच शिकवायचे. एक दिवस ग्वाल्तिएरो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, उसन्या एवाझियोने माझी पेन्सिल उसनी घेतलीये." वर्ग खदखदला. एवाझियोही हसला. तो नेहमी हसायचा. त्या दिवशी घरी आल्यावर मात्र मोजे काढता काढता त्याने विचारलं, "आई, मला परत कधी द्यायचं असतं?"

ग्वाल्तिएरो त्याचा एकुलता एक मित्र. अजूनही तोच. त्याचं आता चौकात टायरचं दुकान आहे, पोट सुटलं आहे, आणि समोर दिसेल त्याची फिरकी घेतल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही.

सैन्यातून परत आल्यावर एवाझियो रेल्वेची परीक्षा पास झाला होता. तोरीनोला रुजू व्हायचं होतं. मी त्याच्यासाठी नवा कोट घेतला होता. त्याच एप्रिलात सेकोन्दो बांधावर कोसळले ते उठलेच नाहीत. सेकोन्दोही पाटकरी होते. एप्रिलात खाचरांत पाणी भरायचं असतं, आणि पाटकऱ्याखेरीज दाराला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही ही इथली जुनी रीत आहे. शेतकऱ्याचं खाचर डोळ्यांदेखत वाळत असलं तरी तो काठावर उभा राहून शिव्या देईल, पण दाराचं चाक फिरवणार नाही. पूर्वी पाण्यावरून इथे फावडी डोक्यात बसली आहेत, त्यातून आलेलं हे शहाणपण. सेकोन्दोंना पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एवाझियोने त्यांचे गुडघ्यापर्यंतचे बूट घातले, फावडं खांद्यावर टाकलं आणि सायकल काढली. "एवढा हंगाम बघतो, आई," म्हणाला. पुढे कुणीच काही विचारलं नाही. कोट कपाटात आहे.

त्याच्याविषयी गावात कुणालाही विचारा, लोक आधी पुलाजवळच्या भिंतीचं सांगतील. पाटातून काय काय वाहत येतं: चेंडू, चपला, बाहुल्या, एकदा तर कुणाची कवळी. एवाझियो ते सगळं काढतो, धुतो आणि त्या भिंतीवर खिळ्यांना टांगून ठेवतो. ज्याचं त्याने यावं आणि न्यावं. कवळी आठवडाभर टांगलेली होती. शेवटी एका पहाटे ती गायब झाली. कुणाची होती हे एवाझियोला माहीत होतं, पण त्याने कधी सांगितलं नाही.

असा माणूस. उन्हाळ्यात तो कुठेच गेला नाही, कारण पाण्याचा हंगाम आणि जगाच्या सुट्ट्या एकाच वेळी येतात. समुद्र त्याने सैन्यात असताना पाहिला तेवढाच. लग्नाचं म्हणाल तर एक फाउस्ता होती. अठ्ठावन्नची, आमच्याच गल्लीच्या टोकाची, उंच, मोठ्या आवाजात बोलणारी. अठराव्या वर्षीच्या त्या नाचात दोघं सगळा वेळ एकमेकांबरोबरच नाचली. मग तो सैन्यात गेला. परत आला तो वडील गेले, पाट गळ्यात पडला. ती मांतोव्हाला मावशीच्या दुकानात मदतीला गेली आणि तिथल्याच एका छापखानेवाल्याशी तिने लग्न केलं. त्या रविवारी एवाझियोने अंगणातली सगळी लाकडं फोडली, पुढच्या हिवाळ्याचीसुद्धा. एवढंच. पाच वर्षांपूर्वी फाउस्ताचा नवरा वारला. मूल नाही. तिथेच बाजारातल्या कमानींखाली तिचं सुई-दोरा, बटणं, लोकर यांचं दुकान आहे, आणि तळ्यावर नवऱ्याची एक लहान होडी.

अठ्ठावन्नवाल्यांना यंदा चाळीस वर्षं झाली. चाळिशीला नुसतं जेवण नसतं, सहल असते. कुठे जायचं यावर हिवाळाभर भांडणं झाली आणि शेवटी फाउस्ताचं पत्र आलं: तीन दिवस मांतोव्हाला या, राहायचं-खायचं मी बघते, पण जुलैत या, तळ्यात कमळं जुलैतच असतात.

"मग मी नाही," एवाझियो म्हणाला. "जुलैत मला पाट सोडता येणार नाही."

ग्वाल्तिएरो आमच्याच स्वयंपाकघरात बसला होता. "पाट पळून जाणारे का रे? नाहीतरी तू सत्तावन्नचा. तुला उगाच बोलावतोय आम्ही. बसमध्ये एक जागा रिकामी आहे म्हणून."

"मग दुसरा बघ."

"दुसरा कोण मिळणार? जे जन्मायचे ते अठ्ठावन्नलाच जन्मून बसले. बाई, सांगा ना याला."

मी त्याचे तीन शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवले. तोडगा काढला तो म्हाताऱ्या कार्लीनकाकांनी. सेकोन्दोंच्या आधीचे पाटकरी, म्हणजे दाराला हात लावायचा हक्क असलेला गावातला दुसरा माणूस. ऐंशीला टेकलेले. "जा पोरा," ते म्हणाले. "तीन दिवस चाकं फिरवायला अजून मेलो नाही मी." एवाझियो दोन दिवस त्यांना सगळी दारं दाखवत हिंडला, जणू त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. शेवटी कार्लीनकाका वैतागले: "अरे, ही दारं तुझ्या बापाला मी शिकवलीयेत."

शुक्रवारी पहाटे बस निघाली. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात रुमाल, मांडीवर हात. शाळेच्या पहिल्या दिवशी बसला होता तसाच बसला होता.

शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे फोन आला. माझ्झुक्को, पाटाच्या शेपटाकडचा मोठा शेतकरी. त्याच्या खाचरांतलं पाणी वीतभर उतरलं होतं. दार वर येत नाही, कार्लीन चाकाला लोंबकळतोय पण चाक हलत नाही, भात फुलोऱ्यात आहे, एवाझियोच्या हॉटेलचा नंबर द्या. मी दिला. दुसरं कुणी असतं तर त्यानेही दिला असता. पण दुसरं कुणी इथे बसून त्याचा विचार करत नाही, मी करते.

एवाझियो रात्रीच्या गाडीने निघाला, दोनदा गाडी बदलली आणि उजाडता उजाडता स्टेशनवरून थेट दारावर गेला. शर्ट काढून पाण्यात उतरला. दाराखाली पॉपलरची एक फांदी अडकली होती. ती ओढून काढली, चाक फिरलं. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा तो काठावर बसून अंग पुसत होता आणि कार्लीनकाका त्याच्याशेजारी रडत होते.

"माझ्या मनगटात जोरच राहिला नाही रे."

"फांदी मोठी होती, काका. माझ्यानेही निघत नव्हती."

फांदी माझ्या मनगटाएवढी होती. मी पाहिली.

घरी आल्यावर मी विचारलं, "कसं होतं मांतोव्हा?"

तो बूट धूत होता. त्याने पाण्याची नळी बुटांवरून बाजूला केली. मग म्हणाला, "तिकडे तीन बाजूंनी पाणी आहे, आई. आणि कुणालाच त्याची काळजी नाही. लोक नुसते काठावर बसतात." असं म्हणून हसला. त्याचं ते हसणं वर्गातलं नव्हतं. वेगळं होतं, मी ते पूर्वी पाहिलं नव्हतं. आणखी चार गोष्टी सांगितल्या: भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली गोड लागतात, त्यांची सवय व्हायला दोन घास लागतात, तिथला भात मोकळा असतो, ग्वाल्तिएरोने त्यावरून आचाऱ्याशी वाद घातला, फाउस्ता अजून मोठ्यानेच बोलते. शेवटचं वाक्य त्याने नळी बंद केल्यावर म्हटलं.

त्या आठवड्यात त्याने एकदा फोन केला. फोन स्वयंपाकघरात आहे, मी शेंगा सोलत होते, मला ऐकू येणारच.

"फाउस्ता? मी एवाझियो... हो, पोचलो... नाही, ते दार अडकलं होतं, म्हणून... बरं... हो, गिऱ्हाईक असेल तर... नाही, काही विशेष नाही. ठेवतो."

त्याने फोन ठेवला. "दुकानात गर्दी आहे तिच्या," म्हणाला, आणि पाटावर गेला. पुन्हा कधी फोनला हात लावला नाही. मी मनात म्हटलं, तिचं मन नसेल. विधवा बाई, शहरात दुकान, तिला आमच्या चिखलात काय रस असणार? मला तिचा थोडा रागही आला. ऑगस्टात खाचरांतलं पाणी काढलं, सप्टेंबरात कापणी झाली. एवाझियो जेवायचा, भांडी विसळायचा, वर जायचा. शनिवारी ग्वाल्तिएरोकडे पत्ते खेळायला मात्र जात राहिला, तेवढंच काय ते घराबाहेर. आणि मग एक दिवस सांगितलं की त्याने ते घर मागितलंय.

इव्हाना मला गेल्या आठवड्यात केस कापायच्या दुकानात भेटली. इव्हाना ग्वाल्तिएरोची बायको, ती सहलीला बरोबर होती. दोघींच्या डोक्यावर ती गरम टोपलीसारखी यंत्रं, त्यामुळे ती जरा ओरडूनच बोलत होती.

"एवाझियो त्या भुताच्या घरात चाललाय म्हणे, बाई? काय तरी. मांतोव्हात बघायला हवा होतात त्याला. गच्चीवर बँड होता, फाउस्ताने त्याला खेचला, मग उतरायला तयार नाही. त्या राजवाड्यातून आम्ही सगळे बाहेर पडलो तरी ही दोघं आत राक्षसांच्या चित्रांपाशीच. रखवालदाराने किल्ल्या वाजवून हाकललं."

"मग झालं काय?"

इव्हानाने यंत्राखालून मान काढली. आवाज उतरवला. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मग तिने सांगितलं. रविवारी पहाटे फाउस्ता एवाझियोला होडीतून कमळं दाखवायला नेणार होती. दोघंच. हे तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी माझ्झुक्कोचा फोन आला तेव्हा फाउस्ता जेवणाच्या तयारीला पुढे गेली होती आणि गाडीला फारच थोडा वेळ होता. हॉटेलच्या दारात ग्वाल्तिएरो भेटला. एवाझियोने त्याला सांगितलं, "फाउस्ताला एकटीला गाठ आणि सांग, दार अडकलंय म्हणून जावं लागतंय, उद्या पहाटे होडीतून कमळं बघायचं राहिलं, मी फोन करीन. एकटीला सांग." आणि पळाला.

ग्वाल्तिएरोने ते जेवणाच्या टेबलावर सांगितलं, सगळ्यांसमोर, पेला हातात घेऊन.

"उसना होता, सत्तावन्नवाल्यांनी परत मागवला," तो म्हणाला. लोक हसले. तेवढ्यावर थांबेल तर तो ग्वाल्तिएरो कसला. "आणि फाउस्ता, खरं सांगू का? तुझ्या पहाटेच्या होडीला घाबरला गं तो. मला म्हणाला, वाचव मला, ही बाई मला कमळांत नेऊन बुडवणार." सगळं टेबल फुटलं. कुणीतरी होडी वल्हवायचा अभिनय केला. कुणीतरी लग्नाचं गाणं धरलं.

"फाउस्ता काय म्हणाली?" मी विचारलं.

"हसली. ती तेव्हा तो केक फोडत होती, त्यांचा तो बदामाचा कडक केक, सुरीने कापायचा नसतो, हाताने तोडतात. हसत हसत तोडत राहिली. त्याचा पार भुगा केला, बाई. कुणाला तुकडा म्हणून मिळाला नाही."

दुसऱ्या दिवशी बसपाशी फाउस्ताने प्रत्येकाला केकचा एकेक पुडा दिला. एवाझियोचा पुडा तिने ग्वाल्तिएरोच्या हातात ठेवला. "त्याचाही तूच घे. त्याच्या वतीने बोलतोसही तूच."

"आणि यांनी घेतला," इव्हाना म्हणाली. "वाटेत खाऊन टाकला. यांना वाटलं, ती चेष्टा करतेय."

मला तिथून केस अर्धवट सोडून उठावंसं वाटलं. फाउस्ताला काय वाटलं असेल ते माझ्यासमोर स्वच्छ होतं. होडीचं फक्त दोघांना ठाऊक होतं. ते जर ग्वाल्तिएरोच्या तोंडी आलं, तर एवाझियोनेच ते सांगितलं, आणि हसायला म्हणून सांगितलं. दाराचं, पाण्याचं तिच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. फोनवर तो "दार अडकलं होतं" म्हणाला तेव्हा तिला ती सबब वाटली असणार. आणि इकडे हा, फोन ठेवून, तिला आपण नको आहोत असं समजून बसला.

दुसऱ्या दिवशी मी टायरच्या दुकानात गेले. ग्वाल्तिएरो एका ट्रॅक्टरच्या चाकाआड होता.

"या बाई. टायर बदलायचेत का सायकलचे?"

"मांतोव्हात जेवताना तू काय बोललास?"

तो चाकाआडून बाहेर आला. हात पुसले, पुसतच राहिला. "इव्हानाने सांगितलं. अहो बाई, चेष्टा होती. जन्मभर चेष्टा करतोय मी त्याची, त्याला कळतं."

"त्याला कळतं. तिला कसं कळणार?"

"तीही हसली की."

"ग्वाल्तिएरो."

वर्गात मी असं नुसतं नाव घेतलं की तो खाली बसायचा. आताही टायरच्या ढिगावर बसला. "मला काय माहीत इतकं असेल ते. तो कधी बोलतो का? कमळं बघायचं राहिलं म्हणाला. मला वाटलं, कमळंच."

"तिला फोन कर आणि सांग."

"आता? इतक्या महिन्यांनी? काय सांगू, त्या दिवशीचा विनोद खोटा होता म्हणून? ती फोन आपटेल. वेडा दिसेन मी." मग म्हणाला, "एवाझियोलाच सांगतो हवं तर. शनिवारी येईलच तो. सांगतो, माफी मागतो."

"त्याला सांगू नकोस," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते फार लवकर निघालं, पण घरी येताना सायकल हातात धरून चालत विचार केला, तेव्हा तेच बरोबर वाटलं. एवाझियोने आयुष्यात एकदाच कुणाला एक गोष्ट विश्वासाने सांगितली, आणि ती केकबरोबर सगळ्या टेबलावर वाढली गेली. लग्नाचं गाणंसुद्धा म्हटलं गेलं. हे त्याला कळलं तर तो ग्वाल्तिएरोवर रागावणार नाही. नुसता हसेल. आणि शनिवारी पत्त्यांना जायचा बंद होईल. अठ्ठावन्नवाल्यांचं तोंड पुन्हा बघणार नाही, आणि सत्तावन्नवाल्यांत तर तो कधी नव्हताच. मग त्या घराची खिडकी लागायला दोन हिवाळेसुद्धा लागणार नाहीत.

तेव्हा त्याला सांगायचं नाही. ग्वाल्तिएरो करणार नाही. इव्हाना म्हणते, "मी कशाला मध्ये पडू, बाई, नवऱ्याचं उणं मी कसं काढू?" तिचंही खरं आहे.

राहिले मी. चाळीस वर्षांच्या माणसाच्या आईने एका परक्या बाईला फोन करून आपल्या मुलाची बाजू मांडायची, यापेक्षा लाजिरवाणं काय असेल? तीन दिवस हेच घोळवते आहे. त्याला कळलं तर तो मला काही बोलणार नाही, हेच वाईट. फाउस्ता म्हणेल, आता त्याची आई त्याच्या वतीने बोलते. म्हणेलच. ती काही कुणाचं राखून बोलणारी नव्हे. शाळेत फळ्यावर माझी बेरीज चुकली तर तीच पहिली ओरडायची. किंवा आता तिला दुसरं कुणी असेल. किंवा ती हो-हो म्हणेल आणि काहीच होणार नाही, आणि सान मार्तीनोला खाट, रेडिओ, ट्रंका जायच्या तशा जातील. खाटेचे स्क्रू त्याने आजच सैल करून ठेवलेत. तिच्यावर झोपल्यावर ती करकरते, खाली ऐकू येतं.

पण एक बाई तिकडे दुकानात बसून समजते आहे की एका माणसाने तिची टर उडवली, आणि तो माणूस तसा नाही. हे एवढं तरी तिला कुणीतरी सांगायला हवं. पुढचं त्यांचं ती बघतील, किंवा नाही बघणार.

सकाळी एवाझियो पाट साफ करायला मजूर घेऊन जाईल. तिचं दुकान नऊला उघडतं, असं इव्हाना म्हणाली. मी फोन करणार आहे. तो सज्जन आहे, आजारी पडत नाही, दारू पीत नाही, असलं काही सांगायचं नाही हे मी स्वतःला बजावलं आहे. घराचंही सांगायचं नाही. दया आल्यामुळे कुणी यायला नको. फक्त म्हणायचं, फाउस्ता, मी बाई बोलतेय, एवाझियोची आई. त्या संध्याकाळी त्याने तुला एकटीला सांगायला एक निरोप दिला होता. तो तुला मिळाला नाही. तो मी सांगते.